स्टेफान कोपेच : दोऱ्याची गाठ आणि मेंदूचा निरोप

सायन्सच्या मुलांच्या वहीत स्टेफान कोपेच हे नाव एका ओळीत येते आणि त्याच ओळीत संपते. कीटकांच्या रूपांतरावर मेंदूचे नियंत्रण असते हे यांनी दाखवले. साल १९१७ व १९२२. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. पुष्कळजण हे नाव कोपेक असेच वाचतात, कारण शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ इंग्रजी पुस्तकांत बहुधा गळालेली असते. त्या रेघेमुळे पोलिश भाषेत त्याचा उच्चार 'च' होतो. एकाच गावाची तीन नावे तीन पाट्यांवर वाचत लहानाचे मोठे झालेल्या आम्हा मुलांना यात नवल वाटू नये.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने किड्यांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आम्हाला हिशेब तपासण्याची एक शिस्त शिकवतात. एखादी नोंद खरी की खोटी हे ठरवायचे, तर तिला चिकटलेली प्रत्येक पावती वेगळी काढून पाहायची. ही शिस्त मला या गृहस्थांच्या कामात फार स्वच्छ दिसली, आणि त्यांच्या आयुष्याचा शेवट वाचल्यावर दोन गुणांवर त्यांची बोळवण करणे बरे वाटेना.

कोपेच यांचा जन्म १८८८ सालचा. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस वाटून घेतला होता. क्राकूफ हे जुने शहर ऑस्ट्रियाच्या वाट्याला आले होते. तेथील यागिएलोनियन विद्यापीठ १३६४ साली स्थापन झालेले, आणि राज्य परक्यांचे असले तरी शिक्षण पोलिश भाषेत चाले. कोपेच यांचे शिक्षण येथे झाले आणि संशोधनाची सुरुवातही येथेच झाली.

पहिला विषय त्यांनी निवडला तो पतंगांचा. ओकच्या झाडांची पाने फस्त करणारा एक केसाळ सुरवंट युरोपात सर्वत्र आढळतो. त्याच्या पतंगाला पूर्वी जिप्सी मॉथ म्हणत. २०२२ पासून अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांनी स्पंजी मॉथ हे नाव स्वीकारले आहे. त्याच्या शास्त्रीय नावातील 'डिस्पार' या शब्दाचा अर्थ 'विषम' असा आहे, कारण नर लहान आणि तपकिरी, तर मादी मोठी आणि पांढुरकी असते. एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसू नये इतका दोघांत फरक.

कोंबड्याचे वृषण काढले तर त्याचा तुरा सुकतो आणि ते परत शरीरात बसवले तर तुरा टिकतो, हे गटिंगन येथील बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्येच दाखवले होते. म्हणजे शरीरातला एक अवयव रक्तात काहीतरी सोडतो आणि दूरच्या दुसऱ्या अवयवाला ते जाणवते. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. आपण मराठीत त्याला संप्रेरक म्हणतो. मग पतंगांतही तसेच होते का? कोपेच यांनी नर सुरवंटाचे वृषण काढले आणि त्याच्या शरीरात मादीचे अंडाशय बसवले. अंडाशय आत चांगले वाढलेही. पण कोष फोडून जो पतंग बाहेर आला, त्याचे पंख अगदी नराचेच होते. इतर संशोधकांनाही हेच आढळले. १९०८ ते १९११ या काळातील या कामावरून जाणकारांत एक मत घट्ट झाले, की कीटकांमध्ये संप्रेरके नसतात.

हे मत रुजवण्यात ज्यांचा हातभार लागला, त्याच कोपेच यांनी पुढे ते उखडले. त्यांचा पहिला प्रयोग चुकीचा नव्हता. पंखांच्या रंगाला अंडाशयाच्या द्रव्याची गरज नसते, एवढेच त्यातून सिद्ध झाले होते. कीटकांत कुठलेच संप्रेरक नसते हा निष्कर्ष लोकांनी त्यावर आपल्या पदरचा चढवला. एका खात्यात शिल्लक नाही म्हणून दुकानच बुडाले असे कोणी लिहून मोकळे व्हावे, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न रूपांतराचा होता. सुरवंट चारपाच वेळा कात टाकतो आणि मोठा होतो. शेवटच्या कातीनंतर काही दिवस आधाशासारखा खातो, मग खाणे सोडतो आणि कोषावस्थेत जातो. ही वेळ कोण ठरवते?

कोपेच यांनी सुरवंटाचा मेंदू काढला. आपल्याला ऐकून दचकायला होते, पण कीटकाची रचना निराळी आहे. तो नाकाने श्वास घेत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना छिद्रे असतात आणि तिथून हवा थेट आत जाते. त्यामुळे मेंदू नसलेला, फार काय डोके नसलेला कीटकही बराच काळ जिवंत राहतो. शेवटच्या कातीनंतर लवकर मेंदू काढलेले सुरवंट जगले, पण कोषात गेले नाहीत. सुमारे आठवडा-दहा दिवस जाऊ देऊन मग मेंदू काढला, तर ते ठरल्याप्रमाणे कोषात गेले. मेंदू नसल्याचे त्यांच्या गावीही नव्हते. अर्थ उघड होता. मेंदूकडून काही निघते, आणि ते निघून गेल्यावर मेंदू असला काय अन् नसला काय सारखेच.

आता निरोप निघतो म्हटले, तर तो कोणत्या वाटेने जातो? मेंदूपासून मज्जातंतूंची दोरी अंगभर पसरलेली असते. शहाणा माणूस म्हणेल, मेंदू तिच्यातूनच हुकूम पाठवत असणार. कोपेच यांनी ती दोरी तोडून पाहिली. सुरवंट तरीही कोषात गेला. टेलिफोनची तार तोडली आणि तरीही शाखेला हेड ऑफिसचा हुकूम मिळाला, तर टपालाची दुसरी वाट शोधावी लागते. सुरवंटाच्या शरीरात तशी वाट एकच होती, ती म्हणजे रक्त.

मग आला दोरा. साधा दोरा घेऊन त्यांनी सुरवंटाच्या मध्यावर आवळून गाठ मारली, म्हणजे पुढचे रक्त मागे जाणे बंद. शेवटच्या कातीनंतर लवकर गाठ मारली, तर गाठीच्या पुढचा अर्धा भाग कोषावस्थेत गेला आणि मागचा अर्धा सुरवंटच राहिला. एकाच जिवाचे तोंडाकडचे अंग पुढच्या जन्मात आणि शेपटाकडचे मागच्या जन्मात! उशिरा गाठ मारली, तर दोन्ही अर्धी कोषात गेली, कारण निरोप तोवर गाठीच्या पलीकडे पोचलेला होता. या प्रयोगाला सूक्ष्मदर्शक लागत नाही की महागडे रसायन. शेतकऱ्याच्या घरचा मुलगाही तो समजू शकतो. मला तरी सबंध कीटकशास्त्रात याहून देखणा पुरावा आढळलेला नाही. अर्थात माझे वाचन ते किती!

मेंदू विचार करतो, आज्ञा देतो, हे सर्वांना माहीत होते. तो ग्रंथीसारखा रक्तात द्रव्यही सोडतो हे कोणत्याही प्राण्याबाबत प्रथम कोपेच यांनी दाखवले. हे काम क्राकूफच्या अकादमीच्या पत्रिकेत १९१७ साली छापून आले, म्हणजे ऐन पहिल्या महायुद्धात. युरोपभर तोफा चालू असताना पोलिश अकादमीची पत्रिका कोणाच्या हाती पडणार? म्हणून १९२२ मध्ये त्यांनी ते इंग्रजीत विस्ताराने लिहून अमेरिकेतील 'बायॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात छापले. वाचले अनेकांनी, पण मानले थोड्यांनी. कीटकांत संप्रेरके नसतात हे ठरलेले होते, आणि मज्जापेशीने ग्रंथीचे काम करावे हे तर विपरीतच वाटे. १९२८ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट शारर यांना माशाच्या मेंदूत द्रव्य स्रवणाऱ्या मज्जापेशी दिसल्या, तेव्हा त्यांच्याही वाट्याला बराच काळ अविश्वासच आला.

दरम्यान १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला होता. कोपेच पुवावी येथील शेतकी संशोधन संस्थेत काम करू लागले. तिथे त्यांचे विषय शेतीला जवळचे होते: सशांच्या नवजात पिलांचे वजन आनुवंशिकतेने कसे ठरते, कोंबड्यांची पिसे आणि संप्रेरके यांचा संबंध काय, उपासमारीचा वाढीवर परिणाम काय होतो. एका शोधावर आयुष्यभर बसून राहण्याची त्यांची वृत्ती दिसत नाही. पुढे १९३० च्या दशकात ते वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्याच दशकात त्यांच्या दोऱ्याला साक्षीदार मिळू लागले. लंडनमध्ये विगल्सवर्थ यांनी रक्त पिणाऱ्या ऱ्होडनियस या ढेकणासारख्या कीटकावर १९३४ मध्ये प्रयोग केले. पोटभर रक्त प्यायल्यावर लवकर डोके काढले तर तो कात टाकत नाही, उशिरा काढले तर टाकतो. आणि ते बिनडोक्याचे कीटक वर्षाहून अधिक काळ जगले! १९३५ मध्ये फ्रँकेल यांनी माशीच्या अळीला दोराच बांधला. मागचा भाग अळीच राहिला. पण कोषात जाणाऱ्या दुसऱ्या अळीचे रक्त त्यात टोचताच तोही कोष झाला. हे फ्रँकेल ज्यू होते आणि नाझींमुळे १९३३ साली जर्मनी सोडून लंडनला आले होते.

कोपेच यांना कुठे जाता आले नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड घेतला. पोलिश लोकांना उच्च शिक्षणाची गरज नाही असे नव्या राज्यकर्त्यांचे धोरण होते. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकूफमध्ये प्राध्यापकांना सभेच्या निमित्ताने एका दालनात बोलावून सरसकट अटक झाली आणि त्यांतील बहुतेकांची रवानगी छळछावणीत झाली. कोपेच यांचे जुने विद्यापीठ ते हेच. वॉर्सा विद्यापीठही बंद झाले. तेव्हा प्राध्यापक मंडळी घराघरांतून चोरून वर्ग घेऊ लागली. पाचदहा विद्यार्थी, दार बंद, आणि पकडले गेल्यास शिकवणारा व शिकणारा दोघांनाही तुरुंग किंवा मरण. कोपेच हे या गुप्त शिक्षणात होते. आम्ही पंच्याहत्तर टक्के हजेरीसाठी कुरकुर करतो, हे इथे सहज आठवले.

७ मार्च १९४१ रोजी वॉर्सात ईगो सिम नावाचा नट आपल्या घराच्या दारात मारला गेला. तो जर्मनांना सामील झाला होता, म्हणून भूमिगत चळवळीने त्याला गोळी घातली. मारणारे सापडले नाहीत. जर्मनांनी शहरातील प्रतिष्ठितांना ओलीस धरले आणि मुदत संपताच ११ मार्च रोजी एकवीस जणांना शहराबाहेरच्या पालमिरी येथील जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. त्या नटाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असे हे लोक. त्यांत इतिहासाचे प्राध्यापक काझिमेश झाक्शेफ्स्की होते आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक स्टेफान कोपेच होते. वय त्रेपन्नच्या आत. पालमिरीत १९३९ ते १९४१ या काळात सुमारे सतराशे माणसे मारली गेली. वर माती टाकून झाडे लावली, म्हणजे मागमूस राहू नये. पण तेथील पोलिश वनरक्षकांनी जिवावर उदार होऊन खड्ड्यांच्या जागा गुपचूप खुणेने लक्षात ठेवल्या. म्हणून युद्धानंतर प्रेते शोधता आली आणि १९४८ मध्ये तिथे स्मशानभूमी बांधली गेली.

निरोपाचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही, कारण कोपेच यांनी पाकीट दाखवले होते, आतला मजकूर अजून कोणी वाचला नव्हता.

१९४० मध्ये, म्हणजे ते हयात असतानाच, दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. विगल्सवर्थ यांनी डोके नसलेल्या ऱ्होडनियसमध्ये मेंदूचा नेमका कोणता तुकडा बसवला म्हणजे कात पडते ते दाखवले. जपानमध्ये फुकुदा यांनी रेशीम किड्याच्या छातीच्या पुढच्या भागात एक ग्रंथी दाखवली, जिच्याशिवाय रूपांतर होत नाही. वॉर्सात बसून यांतले त्यांच्या कानी काय पडले असेल, देव जाणे. युद्धानंतर अमेरिकेत कॅरोल विल्यम्स यांनी दोन्ही धागे जुळवले. मेंदूचे द्रव्य या ग्रंथीला जागे करते, आणि मग ग्रंथी आपले स्वतःचे दुसरे द्रव्य रक्तात सोडते. म्हणजे कोपेच यांच्या गाठीने दुसऱ्या टप्प्यावरचा मालही अडवला होता.

दुसरे द्रव्य हाती लागले १९५४ मध्ये, जर्मनीत. बुटेनांट आणि कार्लसन यांनी ५०० किलो रेशीम किड्यांच्या कोषांतून त्याचे २५ मिलिग्रॅम स्फटिक काढले. हिशेब करून पाहा: दोन कोटी भागांत एक भाग! असा व्यवहार कोणत्याही ताळेबंदात बसणार नाही. हे बुटेनांट म्हणजे माणसातील लैंगिक संप्रेरकांच्या कामाबद्दल १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले, आणि नाझी सरकारने ते घेऊ न दिलेले शास्त्रज्ञ. या द्रव्याला एकडायसोन हे नाव मिळाले, आणि १९६५ मध्ये त्याची रचना कळली. ते स्टेरॉइड निघाले, म्हणजे आपल्या शरीरातील लैंगिक संप्रेरकांच्याच कुळातले. गंमत अशी की कीटकाला स्टेरॉइडचा मूळ सांगाडा स्वतः बनवता येत नाही. तो त्याला अन्नातून घ्यावा लागतो. सुरवंट पाने कुरतडतो, त्यात पुढच्या रूपाचा कच्चा मालही असतो.

पण द्रव्याने अंगभर एवढी उलथापालथ होते कशी? १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या अळीला एकडायसोन टोचले आणि तिच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ही गुणसूत्रे अवाढव्य असतात आणि त्यांच्यावर पट्टे दिसतात. पंधरा ते तीस मिनिटांत ठरावीक पट्टे फुगले. फुगणे म्हणजे त्या जागेवरचे जनुक उघडून त्याची नक्कल उतरवणे सुरू होणे. स्टेरॉइड संप्रेरक जनुकांचेच कामकाज बदलते, हे डोळ्यांना प्रथम दिसले ते इथे. पुढे केंब्रिजमध्ये ॲशबर्नर यांनी फळमाशीत दाखवले, की आधी मोजके पट्टे काही मिनिटांत फुगतात, आणि त्यांच्यापासून बनलेली प्रथिने काही तासांनी शंभरावर इतर पट्ट्यांना जागे करतात व स्वतःच्या जनुकांना बंद करतात. मुख्य कारकुनाने चावी घेऊन पहिली कपाटे उघडायची, त्यांतील किल्ल्यांनी बाकीची उघडायची, आणि आपले कपाट लावून टाकायचे, अशी ही व्यवस्था.

कुलूप सापडायला १९९१ उजाडले. अमेरिकेत हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत एकडायसोनचा ग्राहक, म्हणजे पेशीत त्या द्रव्याला पकडणारे प्रथिन, ओळखले गेले. स्टेरॉइड पेशीच्या आवरणातून आत येते, केंद्रकातील या प्रथिनाला चिकटते, आणि मग हे प्रथिन आपल्या जोडीदारासह जनुकाशेजारी बसून ते चालू करते. इस्ट्रोजेन आणि ड जीवनसत्त्वाचे आपल्या शरीरातील ग्राहकही याच घराण्यातले. मेंदूचे पहिले द्रव्य मात्र स्टेरॉइड नव्हे, प्रथिन आहे. ते मोठे असल्यामुळे पेशीच्या आत जात नाही, दारावरच निरोप देते. त्याचे जनुक रेशीम किड्यात जपानी संशोधकांनी १९९० मध्ये शोधले, आणि ग्रंथीच्या पेशीवर त्याला घेणारे दार कोणते हे फळमाशीत २००९ मध्ये कळले. त्या दारावर थाप पडली की आतील प्रथिने एकमेकांना साखळीने इशारा देतात, आणि ग्रंथी एकडायसोन बनवू लागते. मेंदू, रक्त, ग्रंथी, पुन्हा रक्त, मग प्रत्येक पेशीतील जनुके: कोपेच यांच्या दोऱ्याने तोडलेली वाट ही अशी होती. ती शेवटपर्यंत उलगडायला १९१७ पासून ब्याण्णव वर्षे लागली.

आपल्या कर्नाटकात रेशीम शेती मोठी. एकाच दिवशी उबवलेल्या अळ्याही मागेपुढे पिकतात, आणि पिकलेल्या तेवढ्या निवडून चंद्रिकेवर सोडण्यात घरातल्या बायामाणसांच्या रात्री जातात. त्यासाठी वनस्पतींतून काढलेले एकडायसोनसारखे द्रव्य पाण्यात मिसळून तुतीच्या पानांवर शिंपडतात. ती पाने खाल्ली की मागे राहिलेल्या अळ्याही इतरांबरोबरच खाणे सोडतात आणि चंद्रिकेवर चढून धागा काढू लागतात.